पाच वॉट, एक ड्रमर आणि खालच्या आजी

शुक्रवारची रात्र. दहा वाजून पाच मिनिटं. मी गिटार गळ्यात अडकवून एका गाण्याचा सोलो घासत होते आणि बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या आजी. रागावलेल्या नव्हत्या, तेच जास्त वाईट. म्हणाल्या, ‘‘छान वाजवतेस गं. पण यांना आत्ता कुठे डोळा लागला होता.’’ आजोबांची बायपास झालीय, हे मला माहीत होतं. मी जीभ चावली, सॉरी म्हटलं आणि ॲम्प बंद केला. व्हॉल्यूमचं बटण तेव्हा दीडवर होतं. दहापैकी दीड!

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, आमच्या बँडची एका कॅफेत गिग होती. ॲम्प तोच. बटण आठवर. सेट संपल्यावर कॉलेजची मैत्रीण भेटली आणि लाडात म्हणाली, ‘‘मस्त झालं! पण तू वाजवत होतीस ना? म्हणजे, हात हलत होते तुझे.’’

घ्या! घरी शेजारी उठतात आणि स्टेजवर शेजारी उभ्या असलेल्यालाही ऐकू येत नाही. कॉलेजात असताना घेतलेला तो तीस वॉटचा ट्रान्झिस्टर ॲम्प दोन्ही आघाड्यांवर नापास झाला होता. आठच्या पुढे नेला, तर पत्र्यावर खडे पडल्यासारखा आवाज काढायचा.

एरवी मी हे आणखी दोन वर्षं चालवून घेतलं असतं. फ्रीलान्सरच्या आयुष्यात ‘पुढच्या चेकला बघू’ हाच मूलमंत्र असतो. पण या वेळी घड्याळ लागलं होतं. आमचा ड्रमर एमएस करायला जर्मनीला निघाला होता, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. त्याआधी एक शेवटची मोठी गिग आणि स्वतःची चार गाणी रेकॉर्ड करायची, असं ठरलं. ड्रम्स जॅमपॅडमध्ये, बाकी सगळं माझ्या वन-बीएचकेत. सहा वर्षं आम्ही ती गाणी वाजवतोय. आता झाली नाहीत तर कधीच होणार नाहीत, हे सगळ्यांना कळत होतं. बोलत कुणीच नव्हतं.

तर मिशन ठरलं. छोटा ट्यूब ॲम्प घ्यायचा, जो गिगलाही चालेल आणि घरी रेकॉर्डिंगलाही. बजेट पन्नास हजार, तेही एफडी मोडून. मुदत तीन आठवडे.

ट्यूब म्हणजे काय रे भाऊ?

बाबांना फोन केला, कारण एफडी त्यांनीच करून दिली होती. ते शांतपणे म्हणाले, ‘‘ट्यूब म्हणजे आपले वॉल्व्हच ना? आजोबांच्या रेडिओतले? जी गोष्ट आम्ही पन्नास वर्षांपूर्वी भंगारात दिली, ती तू पन्नास हजाराला घेणार?’’

बाबांचं अगदीच चूक नाही. ट्यूब म्हणजे वॉल्व्हच. काचेच्या नळीत एक तार तापते, तिच्या उष्णतेने इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या धातूच्या पट्टीकडे धावतात. मध्ये एक जाळी असते. गिटारचा इवलासा सिग्नल त्या जाळीवर आला, की तो नळासारखा हा मोठा प्रवाह कमी-जास्त करतो. झालं ॲम्प्लिफिकेशन. ली डी फॉरेस्टने १९०६मध्ये तीन भागांचा हा वॉल्व्ह बनवला. डिसेंबर १९४७मध्ये बेल लॅब्जमध्ये ट्रान्झिस्टर जन्मला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत वॉल्व्ह घराघरांतून हद्दपार झाला. आपल्याकडेही बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स एके काळी वॉल्व्ह बनवायची. जुन्या बाजारात अजून त्यांचे डबे सापडतात.

मग गिटारवाले अजून का चिकटून बसलेत? कारण गिटारच्या बाबतीत ‘दोष’ हाच गुण ठरला. वॉल्व्हला झेपेल त्याच्यापेक्षा जास्त सिग्नल दिला, की तो एकदम तुटत नाही, हळूहळू दबतो. नोटेच्या कडा गोल होतात, आवाज भरतो, त्याला केस फुटतात. ट्रान्झिस्टरला असंच ढोसलं, तर लाटेचा माथा सुरीने कापल्यासारखा सपाट होतो. तेच ते पत्र्यावरचे खडे. आणखी एक गंमत बोटांना कळते. हलकं वाजवलं तर स्वच्छ, जोरात वाजवलं तर खरखरीत. मधे बटण नाही, पेडल नाही. म्हणजे तुमचा मूडच ॲम्पपर्यंत पोचतो.

ॲम्पमध्ये या नळ्यांच्या दोन टीम असतात. पुढची टीम प्रीॲम्पची. तिथे बहुतेक वेळा १२एएक्स७, म्हणजेच ईसीसी८३ ही छोटी नळी. मागची टीम पॉवरची, जी स्पीकर हलवते. तिच्यात ईएल८४ असेल तर साधारण ब्रिटिश, झणझणीत, वरच्या सुरांत चमकणारा आवाज. ६व्ही६ असेल तर अमेरिकन, थोडा गोड, मऊ. हा फक्त अंदाज हं. सर्किट, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर मिळून आवाज ठरतो. नुसत्या नळीचं नाव वाचून ॲम्प घेणं म्हणजे आडनाव वाचून लग्न ठरवणं.

झिरोचा बल्ब आणि वॉटचं गणित

आता सगळ्यात मोठा गैरसमज. ‘पाच वॉट? त्यात काय होणार?’ आपल्या देवघरातला झिरोचा बल्बसुद्धा पंधरा वॉटचा असायचा! पण आवाजाचं गणित सरळ रेषेत चालत नाही. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. आणि आपल्या कानाला ‘दुप्पट मोठं’ वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. म्हणजे पन्नास वॉटचा ॲम्प पाच वॉटच्या दहापट नाही, जेमतेम दुप्पट मोठा वाटतो.

स्पीकरची सेन्सिटिव्हिटी हा दुसरा लपलेला खेळाडू. एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल, तो हा आकडा. समजा तुमचा स्पीकर ९७ डेसिबलचा आहे. मग हिशोब असा:

अर्धा वॉट: ९४ डेसिबल
पाच वॉट: १०४ डेसिबल
पंधरा वॉट: सुमारे १०९ डेसिबल
पन्नास वॉट: ११४ डेसिबल

आता २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांकडे बघा. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा. म्हणजे फुल सोडलेला अर्धा वॉटसुद्धा आजींच्या छतावर नाचणार. ‘बेडरूम ॲम्प’ ही जाहिरातवाल्यांची कल्पना आहे, बेडरूम बहुतेक बंगल्यातली असावी.

आणि दुसऱ्या टोकाला ड्रमर. आमच्यासारखा जोशात वाजवणारा असेल, तर पाच वॉटचा स्वच्छ आवाज त्याच्या स्नेअरखाली चिरडून जातो. खरखरीत आवाज कसाबसा टिकतो, पण क्लीन आवाज फुटायला लागतो. कारण क्लीनला हेडरूम लागते, म्हणजे डोक्यावर मोकळी जागा. म्हणून जुनाजाणता सल्ला असा: ड्रम्सबरोबर, माइक न लावता वाजवायचं असेल तर निदान पंधरा वॉट. माइक लावणार असाल तर पाचही पुरतात, कारण पब्लिकला आवाज पोचवणं पीएचं काम. तुमच्या ॲम्पने फक्त तुम्हाला ऐकू यायला हवं.

हा ‘फक्त’ किती मोठा असतो ते पुढे येईलच.

पहिली लिस्ट, पहिलं कन्फ्युजन

मग सुरू झालं दुकानदर्शन. पुण्यातली दुकानं, मुंबईला धोबी तलाव, शिवाय सेकंडहँडवाल्या चार जणांचे फ्लॅट. प्रत्येक ठिकाणी स्वतःची गिटार घेऊन गेले. हे महत्त्वाचं. दुकानातल्या दोन लाखांच्या गिटारवर कुठलाही ॲम्प गोड वाजतो. आणि प्रत्येक ठिकाणी तीच तीन गाणी वाजवली, आमचीच.

पहिलं प्रेम फेंडर ब्लूज ज्युनियर. १९९५पासूनचा हा पंधरा वॉटचा गडी, दोन ईएल८४, बारा इंची स्पीकर, वजन साधारण चौदा किलो. स्वच्छ आवाज ऐकून मी विरघळले. हा ड्रमरला पुरून उरेल. पण घरी? मास्टर व्हॉल्यूम अगदी खाली ठेवला तर वाजतो, पण त्याची खरी मजा वर आहे.

दुसरा व्हॉक्स एसी१५. मूळ डिझाइन १९५८चं. तो चमचमता आवाज म्हणजे कानाला लिंबू पिळल्यासारखा. पण सध्याच्या काँबोचं वजन बावीस किलोच्या आसपास. मी तिसऱ्या मजल्यावर राहते, सोसायटीला लिफ्ट नाही. त्याचा मोठा भाऊ एसी३० तर तीस किलोच्या वर. तो घेतला तर आधी जिम लावावी लागेल आणि जिमला वेगळी एफडी.

तिसरा पर्याय ‘लंचबॉक्स’ हेडचा. २००६मध्ये ऑरेंजने टायनी टेरर काढला, पंधरा वॉटचा आणि सात वॉटवर आणता येणारा. डब्यासारखा खांद्याला लावून न्यायचा. या आकाराची लाटच त्याने आणली. पण हेडला कॅबिनेट वेगळं लागतं. प्रत्येक कॅफेत ते असेलच असं नाही.

चौथी जात एकाच पॉवर नळीवर चालणाऱ्या चिमुकल्यांची. यांचा मूळपुरुष फेंडर चॅम्प. एक ६व्ही६, पाच वॉटच्या आसपास आणि आठ इंची स्पीकर. १९७०च्या ‘लैला’ अल्बमवर एरिक क्लॅप्टनने चॅम्प वापरला, हे गिटारवाल्यांच्या कट्ट्यावर प्रत्येक जण एकदा तरी ऐकवतो. स्टुडिओत माइकला हे कळत नाही, की समोरचा ॲम्प गुडघ्याएवढा आहे की माणसाएवढा. छोट्या ॲम्पचं सगळं अर्थशास्त्र या एका वाक्यात आहे.

पाचवी जात पॉवर कमी करायचं बटण असलेल्यांची. मार्शलचा डीएसएल२०सीआर वीसवरून दहावर येतो, डीएसएल५सीआर पाचवरून अर्ध्यावर. मार्शलमधून बाहेर पडलेल्या इंजिनियरांनी काढलेल्या ब्लॅकस्टारचा एचटी-५आर हाही पाच आणि अर्धा वॉटवाला, बारा इंची स्पीकरचा. शिवाय त्याला माइकशिवाय थेट रेकॉर्डिंगसाठी वेगळं आउटपुट.

माझं डोकं ब्लूज ज्युनियरवर, मन एसी१५वर आणि पाठ लंचबॉक्सवर. टोटल लोचा.

अमेरिकेतला मावसभाऊ

अशा वेळी प्रत्येक मराठी घरात एक वाक्य येतंच. ‘‘अगं, तो दादा डिसेंबरमध्ये येतोय न्यू जर्सीहून. तिकडे स्वस्त मिळतं.’’

मिळतं. पण तिकडची वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. लॅपटॉपच्या चार्जरसारखं हे ॲम्प ‘जिथे लावाल तिथे’ चालत नाहीत. थेट लावला तर फ्यूज उडेल, आणि नशीब वाईट असेल तर ट्रान्सफॉर्मर. स्टेप-डाउन घ्यावा लागतो, तोही ॲम्पच्या पाठीवर लिहिलेल्या वॉटेजपेक्षा चांगल्यापैकी जास्त क्षमतेचा. इथे एक गफलत होते. पंधरा वॉट हा स्पीकरला मिळणारा आकडा. नळ्या तापवायला लागतं ते धरून भिंतीतून त्याच्या कितीतरी पट वीज ओढली जाते. बरं, ॲम्प ५० हर्ट्झला चालतो की नाही, हेही पाठीवर बघायचं. त्यात स्टेप-डाउन आणखी काही किलोंचा, शिवाय कस्टम्स आणि बिघडला तर वॉरंटी न्यू जर्सीत. दादाकडून मी फक्त तारा मागवल्या.

विजेवरून आणखी एक. जुन्या बिल्डिंगांत आणि मैदानावरच्या जनरेटरवर तिसऱ्या पिनेला अर्थिंग नावापुरतंच असतं. मग ॲम्प गुणगुणतो, आणि गिटारच्या तारांवर हात ठेवून माइकला ओठ लावला की चुणका बसतो. हसण्यावारी नेऊ नका, यात माणसं दगावलीत. शंभर-दोनशे रुपयांचा सॉकेट टेस्टर बॅगेत ठेवा. अर्थिंग नसेल तर वाजवायचं नाही, आयोजक कितीही मिठ्ठास बोलला तरी.

‘मशीन घे की सरळ!’

आमच्या बेसिस्टचं मत वेगळं. त्याच्या मते ट्यूब हा श्रीमंतांचा नॉस्टॅल्जिया आहे. ‘‘मॉडेलर घे. एका डब्यात पन्नास ॲम्प. हेडफोन लाव, रात्री दोनला वाजव. आजी पण खूश, आजोबा पण.’’

खरं सांगू? त्याचा मुद्दा बिनतोड आहे. २०११मध्ये केम्पर आला, त्यानंतर हेलिक्स, क्वाड कॉर्टेक्स. आता डोळे मिटून ऐकलं तर रेकॉर्डिंगमधला फरक भल्याभल्यांना सांगता येत नाही. बजेट कमी असेल तर बॉसच्या कटानासारखा ट्रान्झिस्टर ॲम्पही गिग आणि घर दोन्ही निभावतो, तोही नळ्या बदलायच्या भानगडीशिवाय. तुम्ही कव्हर बँडमध्ये असाल आणि एका संध्याकाळी दहा वेगवेगळे आवाज लागत असतील, तर ट्यूब ॲम्पचा नाद सोडा. मनापासून सांगतेय.

मग मी का नाही सोडला? मला दहा आवाज नको होते. एकच हवा होता, आमच्या चार गाण्यांचा. मॉडेलर मिळाल्यावर मी काय करते ते मला माहितीये. मित्राचा एकदा आठवडाभर आणला होता. सात दिवस मी मेनू फिरवला आणि गाणं शून्य. ज्या ॲम्पवर सहाच बटणं आहेत, त्याच्यासमोर शेवटी वाजवावंच लागतं.

निर्णय

एका रात्री कागदावर चार प्रश्न लिहिले. ड्रम्स आहेत का? आहेत. गिगला ॲम्पपुढे माइक लागतो का? मागच्या दहा गिग्ज आठवल्या, आठ ठिकाणी लागला होता. भिंतीपलीकडे कोण राहतं? बायपास झालेले आजोबा. आणि ॲम्प कोण उचलणार? मी. रिक्षातून, एकटी, रात्री बारा वाजता, तीन मजले.

उत्तर समोरच होतं. वर्षातल्या साधारण तीनशे संध्याकाळी मी घरी वाजवते आणि पंधरा संध्याकाळी स्टेजवर. मग पंधरा दिवसांसाठी ॲम्प घेऊन तीनशे दिवस तो दीडवर का ठेवायचा?

सेकंडहँड एचटी-५आर घेतला. विकणारा मुलगा बाप होणार होता आणि त्याच्या बायकोला ती खोली रिकामी हवी होती. अर्धा तास चालू ठेवून बघितला, एफडी मोडली, पैसे दिले. बजेटमधले उरलेले पैसे एका चांगल्या माइकवर आणि स्टँडवर टाकले. एसएम५७. १९६५पासून जगभर गिटार ॲम्पपुढे हाच उभा असतो.

गुडघ्याला कान नसतात

गिगच्या साउंडचेकला पहिलंच गाणं सुरू झालं आणि मला माझीच गिटार ऐकू येईना. ड्रमर शेवटची गिग म्हणून दुप्पट जोरात. मी व्हॉल्यूम वाढवला, क्लीन भाग फुटायला लागला. पोटात खड्डा. चुकीचा ॲम्प घेतला, एफडी गेली, असं सगळं एका क्षणात डोक्यात येऊन गेलं.

साउंडवाला दादा पन्नाशीचा. ऑर्केस्ट्रापासून गणपतीपर्यंत सगळं केलेला. त्याने ॲम्पकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाला, ‘‘ताई, तुमचा आवाज तुमच्या पोटऱ्यांना ऐकू येतोय.’’ कोपऱ्यातली प्लॅस्टिकची खुर्ची ओढली, ॲम्प तिच्यावर ठेवला, पुढे एक वीट सरकवून माझ्या कानाकडे तिरका केला. बस्स. वॉट तेवढेच, बटण तिथेच. आणि गिटार एकदम समोर. पुढे त्याने माइक लावला, माझ्या मॉनिटरमध्ये थोडी गिटार दिली, आणि त्या रात्री मैत्रीण म्हणाली, ‘‘आज हात हलताना आवाज पण येत होता.’’

एक ते चार सोडून

रेकॉर्डिंगसाठी आधी खाली गेले. आजींना सरळ विचारलं, केव्हा वाजवू? त्यांनी वेळापत्रकच दिलं. सकाळी अकरा ते एक. एक ते चार वामकुक्षी, तेव्हा नाही. पुणं आहे हे, चितळ्यांचं दुकान त्या वेळी उघडं राहायला लागलं म्हणून काय झालं?

मग प्रयोग. ॲम्प जमिनीवरून उचलून जाड गादीवर ठेवला. खालच्यांना त्रास होतो तो हवेतल्या आवाजापेक्षा फरशीतून उतरणाऱ्या धडधडीचा. समोर कपड्यांचं कपाट उघडं, मागे दोन गोधड्या. माइक जाळीपासून दोन बोटांवर, स्पीकरच्या मधल्या टोपीच्या कडेपाशी. मध्याकडे सरकवला की आवाज टोकदार, कडेकडे नेला की जाडसर. एक इंच सरकवल्याने जेवढा फरक पडतो, तेवढा टोनच्या बटणाने पडत नाही. अर्धा वॉट, व्हॉल्यूम निम्म्यावर. रात्री टेक घ्यायची वेळ आली तेव्हा माइक बंद, थेट आउटपुट आणि हेडफोन. तो आवाज माइकएवढा जिवंत नाही, पण दुसऱ्या थरासाठी झकास.

ड्रमरने त्याचे ड्रम्स दोन दिवसांत जॅमपॅडमध्ये संपवले आणि चार जानेवारीच्या पहाटे गेला. एअरपोर्टवर कुणी फार बोललं नाही. तीन गाण्यांची गिटार त्याच्यादेखत झाली होती. चौथं राहिलं. ते मी नंतर वाजवलं, त्याच्या ड्रम्सबरोबर, हेडफोनमध्ये. शेवटच्या कडव्यात तो एके ठिकाणी जरा पुढे धावलाय, नेहमीसारखा. आधी मी त्यावर कायम ओरडायचे. त्या दिवशी मीही त्याच्याबरोबर धावले. टेक ओके. त्याच टेकमध्ये अगदी शेवटी आजींच्या कुकरची शिट्टी आलीय. माइक चांगला असला की असं होतं. आम्ही ती ठेवली.

मागच्या महिन्यात बाबा आले होते. ॲम्पच्या मागच्या जाळीतून वाकून बघत बसले. मी स्विच टाकला, नळ्या हळूहळू नारिंगी झाल्या. ‘‘आजोबांचा मर्फी असाच,’’ ते म्हणाले, ‘‘लावला की अर्धा मिनिट गप्प. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत बसायचो. आणि तेव्हा त्याला लायसन्स लागायचं हं! तुझ्या या खोक्याला का नाही?’’ मी त्यांना चौथं गाणं वाजवून दाखवलं, पूर्ण. त्यांनी पूर्ण ऐकलं. मग घड्याळाकडे बघून म्हणाले, ‘‘बरंय. आता बंद कर, दहा वाजले. खाली आजोबा झोपले असतील.’’

खिशात ठेवा

- स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूब ॲम्प वाजवू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. स्पीकरऐवजी लोड बॉक्स लावायचा तर ओहम जुळवा.
- हेड ते कॅबिनेट स्पीकर केबलच वापरा, गिटारची केबल नाही.
- सेकंडहँड घेताना अर्धा तास चालू ठेवा. प्रीॲम्पच्या नळीवर पेन्सिलने हळूच टिचकी मारा. स्पीकरमधून घंटेसारखं घणघणलं तर नळी बदलायला आलीय. बटणं फिरवून खरखर ऐका. पाठीवर २३० व्होल्ट लिहिलंय ना, ते बघा.
- नळीतली तार नारिंगी दिसणं नॉर्मल. आतली धातूची पट्टी लाल झाली तर ताबडतोब बंद.
- आतलं झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट राहू शकतात. पॉवर नळ्या बदलणं आणि बायस बघणं हे जाणत्या टेक्निशियनचं काम.
- नळ्यांचा एक जादा सेट जमवून ठेवा. जगात त्या बनवणारे मोजके कारखाने उरलेत, रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये. २०२२मध्ये रशियाकडून पुरवठा थांबणार अशी बातमी आली आणि भाव कडाडले होते.
- ॲम्प घेण्याआधी खालच्या मजल्यावर जाऊन या. जाताना लाडू न्या.